झाडाचं आहे म्हणून डोळ्याला चालतंय का?

पत्र थोडक्यात असं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली तिशीतली मुलगी, तीन वर्षं घरीच रिठा-शिकेकाईचा शाम्पू करून विकते. आधी ओळखीत, मग व्हॉट्सअ‍ॅपवर, आता इन्स्टावरून पुण्या-मुंबईला कुरिअर जातं. फेस कमी येतो अशी लोकांची कुरकुर होती म्हणून दोन महिन्यांपूर्वी तिने मुंबईच्या एका सप्लायरकडून 'नारळ आणि साखरेपासून बनवलेलं' डिसाइल ग्लुकोसाइड, म्हणजे फेस करणारं एक द्रव, मागवलं, रिठा थोडा कमी केला, वासाला टी ट्री ऑइल घातलं आणि त्याच मालावर 'बेबी वॉश' असं नवं लेबल लावलं. लेबलवर लिहिलंय: शंभर टक्के नॅचरल, केमिकल फ्री, डोळ्यांना झोंबत नाही, प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही. मागच्या महिन्यात पुण्याच्या एका आईने दीड वर्षाच्या बाळाचा लालभडक डोळ्याचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी ड्रॉप दिले, दोन दिवसांत बरं वाटलं. पण हिची झोप उडाली. सासूबाई म्हणतात आपण पिढ्यान्पिढ्या रिठाच वापरला. नवरा म्हणतो पैसे परत कर आणि विषय संपव. कोणीतरी सांगितलं की लॅबमध्ये सशाच्या डोळ्यांत टाकून बघतात, ते तर हिला जमणारच नाही. शेवटी हिने स्वतःच्या डोळ्यात एक थेंब टाकून बघितला, काही झालं नाही. आता विचारतेय, टेस्ट करायची का, कुठली करायची, का सगळं बंदच करू?

अगं, तुला तू म्हणते, चालेल ना, माझी भाची तुझ्याच वयाची आहे. पहिलं सांगते, तुझी झोप उडाली हे चांगलंच झालं. हसू नकोस, मी पंचवीस वर्षं शाम्पू-फेसवॉशच्या लॅबमध्ये काढली आणि तिथे मला भीती वाटायची ती शांत झोपणाऱ्या लोकांची. आणि आता दुसरं, जरा दमदाटी करून सांगते, परत कधी स्वतःच्या डोळ्यात थेंब टाकायचा नाही, नवऱ्याच्या नाही, शेजारच्या पोराच्या तर अजिबातच नाही. त्याचं कारण खाली येतंय, पण आधी सासूबाईंचा मुद्दा घेऊ कारण तो मला सगळ्यात आवडला.

पिढ्यान्पिढ्या वापरलाच की रिठा. हो ना. पण तुला आठवतंय का तो कसा वापरायचे? आमच्या वाड्यात दिवाळीच्या पहाटे आजी मांडीवर आडवं घ्यायची, मान मागे, कपाळावर हाताचा आडोसा, आणि सारखा एकच धोशा, डोळे मीट, डोळे मीट गं बये. आणि तरी एखादा ओघळ आत गेला की पुढचा अर्धा तास वाडाभर बोंब. म्हणजे पिढ्यान्पिढ्यांचं जे ज्ञान आहे ना, त्यातच हे आहे की रिठा डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. आजीला सॅपोनिन शब्द माहीत नव्हता पण रिठा झोंबतो हे पक्कं माहीत होतं. आपण काय केलं, रिठा घेतला, आजीचा हात तेवढा सोडून दिला आणि बाटलीवर लिहिलं डोळ्यांना झोंबत नाही.

झोंबतो का, तर रिठ्याच्या सालीत जे सॅपोनिन असतं ते स्वतःच एक सर्फॅक्टंट आहे, म्हणजे फेस करणारं, तेल सोडवणारं. आणि पेशीचं बाहेरचं आवरण हे पण तेलाचंच असतं. सॅपोनिनला त्या आवरणातल्या कोलेस्टेरॉलची भारी ओढ, तिथे जाऊन चिकटतं आणि भोकं पाडतं. लॅबमध्ये रक्तातल्या तांबड्या पेशी मुद्दाम फोडायच्या असतील तर सॅपोनिन वापरतात. जुन्या काळी ओढ्याच्या डोहात रिठ्यासारखी सॅपोनिनवाली फळं कुटून टाकायचे आणि मासे गुंगून वर यायचे, तेही हेच, कल्ल्यांवर परिणाम होतो. केसांना हे सगळं छान आहे कारण केस म्हणजे मेलेलं केराटिन, त्याला काय फरक पडतोय. डोळ्याच्या बाहुलीवरचा जो पारदर्शक पडदा, कॉर्निया, तो जिवंत आहे, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड, आणि त्यावरचं वरचं अस्तर तर पाच-सात पेशींच्या थरांचं. शरीरात सगळ्यात दाट नसा असलेल्या जागांपैकी ती एक आहे, म्हणून तर कुसळ गेलं तरी आपण नाचतो.

आता 'झाडापासून बनवलेलं' हा शब्द जरा बाजूला ठेव, कारण यानेच तुझा घोळ केलाय आणि तुझ्यासारख्या कितीतरी जणींचा करतो. सोडियम लॉरिल सल्फेट, ज्याच्या नावाने सगळे बोटं मोडतात, 'सल्फेट फ्री' लिहून विकतात, तेसुद्धा नारळाच्या किंवा पाम कर्नेलच्या तेलापासून बनतं. अगदी तेच नारळ. तुझ्या कॅनमधलं डिसाइल ग्लुकोसाइड पण नारळ किंवा पामच्या फॅटी अल्कोहोलपासून आणि मक्याच्या वगैरे ग्लुकोजपासून. एकाच झाडाची दोन लेकरं, एक मारकुटं एक शांत. डोळ्याला झाड दिसत नाही, त्याला दिसतो तो रेणू, किती दाट आहे, पीएच काय आहे (म्हणजे आंबट की अल्कली त्याचं माप, सातच्या खाली आंबट, वर अल्कली) आणि किती वेळ थांबला. ढोबळमानाने आमच्या लाइनीत असं मानतात की धन भार असलेले कॅटायनिक सर्फॅक्टंट डोळ्याला सगळ्यात वाईट, मग ऋण भारवाले, सल्फेट वगैरे, मग बीटेनसारखे दोन्ही भार असलेले अ‍ॅम्फोटेरिक, आणि बिनभाराचे, तुझ्या ग्लुकोसाइडसारखे, सगळ्यात सौम्य. म्हणजे तू निवडलंस ते चांगलंच निवडलंस. मग बाळाचा डोळा का लाल झाला?

इथे मला पत्रात एक ओळ सापडली नाही आणि तीच मी दोनदा शोधली. पीएच. तू पीएच बघितलाच नाहीस, हो ना?

बघ, सप्लायरकडून डिसाइल ग्लुकोसाइड येतं ते साधारण पन्नास टक्क्यांचं दाट द्रव असतं आणि बऱ्याचदा त्याचा पीएच साडेअकरा-बाराच्या घरात असतो. मुद्दाम तसा ठेवतात, कॅनमध्ये जंतू वाढू नयेत म्हणून. बनवणाऱ्याने तो सायट्रिक अ‍ॅसिड घालून खाली आणायचा हे गृहीत धरलेलं असतं. तुझ्या जुन्या रेसिपीत रिठा-शिकेकाईचं पाणी आंबट होतं, त्यामुळे थोडं फार आपोआप सांभाळलं गेलं असतं, पण तू रिठा कमी केलास आणि ग्लुकोसाइड वाढवलंस, म्हणजे आंबटपणा कमी आणि अल्कली जास्त, आणि तक्रार आली ती नेमकी नव्या मालात. मी छातीठोक सांगत नाही की हेच झालं, बाटली माझ्या हातात नाही, पण संशयितांची रांग लावली तर मी याला पहिलं उभं करेन. अल्कली डोळ्याला अ‍ॅसिडपेक्षा वाईट, कारण ते पेशीतल्या चरबीचा अक्षरशः साबण करत आत आत जातं. पोरांच्या डोळ्यात चुन्याची पुडी फुटली की किती भयंकर होतं ते डोळ्यांच्या डॉक्टरांना विचार. तुझा शाम्पू काही चुना नव्हे, घाबरू नकोस, दोन दिवसांत बरं झालं म्हणजे वरच्या अस्तरापुरतंच राहिलं असणार, ते अस्तर लवकर भरून येतं. पण दिशा तीच आहे.

दुसरा संशयित टी ट्री ऑइल. थेंबच घातलेत गं, म्हणतेस. कुठलंही सुगंधी तेल डोळ्याला लागतं, आणि बाळाच्या अंगाला लावायच्या गोष्टीत ते मुळात हवंच कशाला, वास तर तुला आवडतो, बाळाला नाही. तिसरा संशयित माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित, तो म्हणजे कण. रिठा-शिकेकाई कुटून उकळून गाळताना बारीक भुकटी राहतेच, बाटली तळाशी गढूळ दिसते ना, ते कण डोळ्यात गेले की बाळ डोळा चोळतं आणि कॉर्नियावर ओरखडा. हा केमिकलचा प्रश्नच नाही, वाळूचा प्रश्न आहे. आणि चौथा, ज्याची मला खरी भीती वाटते, त्याचं तुझ्या पत्रात नावच नाही. प्रिझर्व्हेटिव्ह. 'केमिकल फ्री' लिहिलंयस म्हणजे घातलं नसणार. वनस्पतीचा काढा, पाणी, बाथरूमची उष्णता, म्हणजे जंतूंना जेवणाचं ताट वाढून दिल्यासारखं. त्यात स्यूडोमोनास नावाचा एक जंतू येतो, तो ओरखडा पडलेल्या डोळ्यात शिरला तर एक-दोन दिवसांत कॉर्नियावर अल्सर करू शकतो, दृष्टी जाऊ शकते. झोंबणं त्यापुढे काहीच नाही. लोक प्रिझर्व्हेटिव्हला घाबरतात आणि स्यूडोमोनासला घाबरत नाहीत, याचं मला आयुष्यभर नवल वाटत आलंय.

आता तुझा डोळ्यात थेंब टाकण्याचा प्रयोग. त्यातून तुला काय कळलं? एवढंच की एका मोठ्या बाईच्या डोळ्यात, तिने तयारीने टाकलेला एक थेंब, तिने लगेच मिटून-धुऊन टाकला आणि त्या क्षणी दुखलं नाही. मोठं माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी मिटतं, तान्हं बाळ दोन-चार वेळाच, आणि तुझ्या त्या दीड वर्षाच्या पिल्लाला तर डोळे गच्च मीट हे सांगून पण कळत नाही. शिवाय झोंबणं आणि इजा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लोकांच्या लक्षातच येत नाही. झोंबणं हे नसेचं ओरडणं, इजा म्हणजे पेशी मरणं. कधी खूप झोंबतं पण इजा काहीच नसते, आणि कधी आत्ता फारसं जाणवत नाही आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डोळा चिकटलेला. त्यामुळे दुखलं नाही म्हणजे पास, असं नसतं.

मग सशाचं काय. तुला सांगते, मी नव्वदच्या दशकात पहिल्या नोकरीला लागले तेव्हा त्या कंपनीच्या मागच्या इमारतीत सशांची खोली होती. पांढरे, लाल डोळ्यांचे, मान लाकडी खोक्यातून बाहेर. मी एकदाच आत गेले. त्या टेस्टचं नाव ड्रेझ टेस्ट, जॉन ड्रेझ नावाचा अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनातला, एफडीएमधला शास्त्रज्ञ, १९४४ सालची. सशाची खालची पापणी ओढून त्यात ०.१ मिलि माल टाकायचा आणि मग तासाने, एका दिवसाने, दोन, तीन, कधी एकवीस दिवसांपर्यंत बघत राहायचं, आणि मार्क द्यायचे, एकूण ११० पैकी, त्यातले ८० एकट्या कॉर्नियाचे. ससाच का, तर डोळे मोठे, स्वभाव गरीब, पाणी कमी येतं आणि पापणी क्वचित मिटतो, बिचारा. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, याच कारणांमुळे त्याचा डोळा आपल्यासारखा नाही, त्याला तिसरी पापणी पण असते, शिवाय एकाच मालाला दोन लॅबमध्ये दोन वेगळे मार्क पडायचे कारण लाली किती ते बघणाऱ्याच्या नजरेवर. १९८० मध्ये हेन्री स्पिरा नावाच्या माणसाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली की सौंदर्यासाठी रेव्हलॉन ही कॉस्मेटिक कंपनी किती ससे आंधळे करणार, आणि तिथून मग कंपन्यांनीच पर्याय शोधायला पैसे द्यायला सुरुवात केली.

तुझ्यासाठी महत्त्वाचं हे की आपल्या देशात मे २०१४ पासून कॉस्मेटिकची प्राण्यांवर टेस्ट करायला कायद्यानेच बंदी आहे, त्याच वर्षी नोव्हेंबरपासून तसा टेस्ट केलेला माल बाहेरून आणायलाही. म्हणजे ज्याने तुला ससा सांगितला तो निदान दहा वर्षं मागे आहे. आणि दुसरी बाजू पण बघ, तुझ्या लेबलवर 'प्राण्यांवर टेस्ट केलेलं नाही' हे जे अभिमानाने लिहिलंय ते इथे प्रत्येकालाच लागू आहे, त्यात तुझं असं वेगळं काही नाही. पण तुझ्या मनात त्याचा अर्थ हळूच बदलला गं. प्राण्यांवर टेस्ट नाही याचं 'टेस्टच नाही' असं झालं. आणि टेस्ट न केलेला माल विकला की टेस्ट होतेच, फक्त ससा बदलतो. यावेळी तो पुण्याचा दीड वर्षाचा होता. कडू बोलले, पण तुझ्यावर राग नाही माझा.

आता सशाशिवाय काय करतात ते सांगते, जरा तपशिलात, कारण लॅबशी फोनवर बोलताना हे माहीत असलं की समोरचा गुंडाळत नाही. स्वस्तातली आणि आपल्याकडे बऱ्याच लॅब करतात ती हेट-कॅम. कोंबडीचं फळलेलं अंडं, नवव्या दिवसाचं, वरचं कवच कापायचं, आत रक्तवाहिन्यांचं नाजूक जाळं असलेला पडदा दिसतो, त्यावर ०.३ मिलि माल टाकून पाच मिनिटं बघायचं, रक्तस्राव होतो का, वाहिन्या विरतात का, रक्त साकळतं का, आणि कितव्या सेकंदाला. या वयात त्या गर्भाला वेदना जाणवत नाहीत असं मानतात. तुझे काही ग्राहक कट्टर व्हीगन असतील तर त्यांना अंडं पण चालणार नाही, ते तुझं तू बघ. मग आहे मानवी पेशींपासून वाढवलेलं कॉर्नियासारखं अस्तर, ओईसीडी या देशांच्या संघटनेने ठरवून दिलेली ४९२ नंबरची पद्धत, २०१५ पासून मान्य. द्रव माल त्यावर तीस मिनिटं ठेवतात, धुतात, आणि मग एमटीटी नावाचा रंग घालून, जो जिवंत पेशी बदलतात, किती पेशी जिवंत राहिल्या ते मोजतात, साठ टक्क्यांच्या वर जिवंत असतील तर इरिटंट म्हणून लेबल लावायची गरज नाही असं धरतात. खाली असतील तर त्या एका टेस्टवरून किती वाईट ते सांगता येत नाही, पुढे जावं लागतं. याखेरीज कत्तलखान्यातून आणलेल्या गुरांच्या किंवा कोंबड्यांच्या डोळ्यांवरच्या पद्धती आहेत, त्या २००९ पासूनच्या, पण त्या मुख्यतः फार जहाल माल ओळखायला, तुला त्यांचा उपयोग कमी.

तुझ्यासाठी इथे एक खास गोम आहे आणि ती लॅबवाले आपणहून सांगतीलच असं नाही. तुझा माल तपकिरी आहे. आणि वनस्पतीच्या काढ्यातली काही द्रव्यं एमटीटीचा रंग पेशी मेलेल्या असल्या तरी स्वतःच बदलून टाकतात. म्हणजे यंत्र म्हणणार पेशी मस्त जिवंत आणि खरं तर खाली मढं. त्या पद्धतीतच यावर उपाय दिलेला आहे, मेलेल्या अस्तरावर तोच माल लावून जो रंग येतो तो वजा करायचा. तू फक्त विचार, कलर कंट्रोल आणि एमटीटी रिड्यूसरचा कंट्रोल लावणार ना. पलीकडचा माणूस दोन सेकंद गप्प झाला तर समज ती लॅब तुझी नाही. अशीच एक तांबड्या पेशींवरची टेस्ट पण असते, सर्फॅक्टंटसाठी छान आणि झटपट, पण वर सांगितलं ना सॅपोनिन त्या पेशी फोडण्यासाठीच प्रसिद्ध, तिथे रिठ्याचे मार्क वाईटच येणार, तेवढ्यावरून रडत बसू नकोस आणि निर्णय पण घेऊ नकोस.

अजून तीन गोष्टी विचारायच्या. एक, टेस्ट पूर्ण तयार मालाची करा म्हणायचं, नुसत्या ग्लुकोसाइडची नको. सप्लायर तुला त्याचे कागद देईल की आमचं सौम्य आहे, असेलही, पण सर्फॅक्टंट एकत्र आले की वागणं बदलतं. पंगतीसारखं आहे बघ, रेणू गटाने पंगतीला बसले की ते गुंतलेले राहतात, जे मोकळे फिरतात तेच पेशीत घुसून खोड्या काढतात. नीट मिसळण केली तर मोकळे कमी होतात आणि माल सौम्य होतो, बेबी शाम्पू याच तत्त्वावर चालतात, त्यात भूल देणारं औषध असतं वगैरे जे फिरतं ना ते खोटं आहे. दोन, किती पातळ करून करणार. बाथरूममध्ये शाम्पू पाण्याने पातळ होऊन डोळ्यात जातो म्हणून साधारण दहा टक्क्यांचं द्रावण करायची पद्धत आहे, पण बाळाच्या बाबतीत हातावरचा माल सरळ डोळ्यात जाऊ शकतो, तर दोन्ही करून घे. तीन, शेजारी बाजारातला एखादा चांगला बेबी शाम्पू ठेवून त्याच दिवशी तीच टेस्ट करा म्हण. नुसता आकडा तुला काय सांगणार, तुलना सांगेल.

आणि एवढं सगळं पास झालं तरी 'झोंबत नाही' लिहायचा हक्क मिळत नाही. या टेस्ट इजा मोजतात, झोंबणं नाही. तो दावा करायचा असेल तर मोठ्या कंपन्या आधी असल्या टेस्ट करून मग नेत्रतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, संमती घेतलेल्या मोठ्या माणसांच्या डोळ्यात पातळ केलेला थेंब घालून तपासतात, एथिक्स कमिटी वगैरे सगळं. तुझं-माझं काम नाही ते. म्हणून ती ओळ आजच्या आज काढ. 'केमिकल फ्री' पण काढ, पाणी सुद्धा केमिकल आहे आणि तुझ्या बाटलीत कॅनमधलं ग्लुकोसाइड आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि इन्स्टावरची पोस्ट पण जाहिरातच.

कायद्याचं निघालंच तर एक अवघड प्रश्न, परवाना आहे का? तू पत्रात उद्यमचं रजिस्ट्रेशन लिहिलंयस, ते चांगलं पण तो परवाना नव्हे. एकीने मला एफएसएसएआयचा नंबर दाखवला होता, ते खाण्याचं असतं बाई. शाम्पू हे कॉस्मेटिक, कॉस्मेटिक्स रूल्स २०२० खाली राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडून बनवण्याचा परवाना लागतो, जागा वेगळी लागते, जाणकार माणूस लागतो. घरच्या ओट्यावरचं काम त्यात बसत नाही. याने तुझं अवसान गळेल हे माहितेय मला, पण मार्ग आहेत. ज्याच्याकडे कारखाना आणि परवाना आहे त्याच्याकडून तुझ्या रेसिपीने माल बनवून घ्यायचा, थर्ड पार्टी म्हणतात, किंवा त्याच्या जागेवर तू स्वतः लोन लायसन्स काढायचं. नाशिकच्या एमआयडीसीत चौकशी कर. त्यांच्याकडे पीएच मीटर, गाळणी, मायक्रोबायोलॉजी सगळं असतं, तुझा निम्मा त्रास तिथेच संपतो. तोपर्यंत पोट चालवायला नुसता सुका अख्खा रिठा, शिकेकाई, नागरमोथा मोजून विक, जसा काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. पण भुकटी पाकिटात भरून 'केसांसाठी' लिहिलंस की तेही कॉस्मेटिकच झालं, लक्षात ठेव.

म्हणजे बंद कर का? माझं मत विचारशील तर बेबी वॉश बंद कर, कायमचा म्हणत नाही, पण रिठा असलेला माल बाळांसाठी म्हणून विकायचा हट्ट मला पटत नाही, कितीही टेस्ट झाल्या तरी. सॅपोनिन पावसाप्रमाणे, झाडाप्रमाणे, उकळायच्या वेळेप्रमाणे बदलतं, आज पास झालेली बॅच आणि दिवाळीची बॅच एक नसते. मोठ्यांसाठीचा शाम्पू मात्र नीट उभा करता येईल. त्यात दर वेळी रिठा वजनाने घे मुठीने नको, काढा तयार झाला की दहा ग्रॅम सुकवून मागे किती घन राहतं ते वहीत लिही म्हणजे दाटपणा तरी सारखा राहील, मलमलच्या चार पदरांतून गाळ, एक रात्र ठेव, निवळ वरचं घे. पीएच मीटर विकत घे, पट्ट्या तपकिरी पाण्यात वाचता येत नाहीत. सायट्रिक अ‍ॅसिडने पीएच पाच-साडेपाचला आण. बाळांचा माल करणारे सातच्या जवळ जातात कारण अश्रूंचा पीएच साधारण ७.४, पण सोडियम बेंझोएटसारखं प्रिझर्व्हेटिव्ह साडेपाचच्या वर नीट काम करत नाही, एक सांभाळायला जावं तर दुसरं सुटतं, आमच्या धंद्यातलं रोजचं दुखणं आहे हे. प्रिझर्व्हेटिव्ह घातल्यावर ते खरंच काम करतंय का याची चॅलेंज टेस्ट असते, अठ्ठावीस दिवसांची, मुद्दाम जंतू सोडून बघतात. पैसे कमी असतील आणि मला म्हणालीस डोळ्याची टेस्ट आधी का ही, तर मी सांगेन ही आधी.

आणि हो, सौम्य म्हणून डोळे झाकून कशावरच जाऊ नकोस. नारळाचं बीटेन २००४ मध्ये आणि तुझा ग्लुकोसाइडचा गट २०१७ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षाचं अ‍ॅलर्जन म्हणून जाहीर केले होते. अगदी थोड्यांना होते अ‍ॅलर्जी, वापरू नको असं नाही, पण तक्रार आली तर 'आमचं नॅचरल आहे, होऊच शकत नाही' असं उत्तर तेवढं कधी देऊ नकोस.

आता पुण्याच्या त्या आईचं. नवरा म्हणतो पैसे परत कर आणि विषय संपव. पैसे परत कर, नक्की कर, पण विषय तिथे सुरू होतो. तिच्याकडून उरलेली बाटली परत मागव, तुझ्या खर्चाने, पहिला पीएच तिचा मोजायचा आहे. त्या बॅचच्या ज्यांना ज्यांना गेल्या त्या सगळ्यांना कळव की बाळांना वापरू नका, बाटली परत पाठवा. दहा गिऱ्हाईकं तुटतील, तुटू देत. त्यांना हेही लिही की कुठलाही शाम्पू डोळ्यात गेला तर लगेच नळाच्या स्वच्छ पाण्याने, पापणी उघडी धरून, पंधरा मिनिटं सलग धुवायचं, चोळायचं नाही, गुलाबपाणी, तूप, मध, आईचं दूध काही काही घालायचं नाही, आणि लाली, पाणी किंवा उजेड सहन न होणं राहिलं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे, बाटली सोबत घेऊन. घटक बाटलीवर नीट लिहिलेले असले तर डॉक्टरला त्याचा उपयोग होतो, 'वनौषधींचा अर्क' एवढंच लिहिलं तर काही नाही.

तिला मेसेज करू नकोस, फोन कर, आणि सुरुवातीलाच बाळाचा डोळा आता कसा आहे ते विचार, शाम्पूचं नंतर. बाटली आली की पीएच किती निघतो तो मला कळव, माझा पहिला संशयित बरोबर होता का ते मलाही बघायचंय.